बटणावरचा अंगठा

८ जानेवारी, सोमवार
आज नोकरीचा पहिला दिवस. बाबा कोराडीच्या बस थांब्यापर्यंत सोडायला आले आणि सगळ्या बायांसमोर मोठ्याने म्हणाले, "कान काय गहू हायेत काय वं, निवडून पाहाले?" चक्की चालवून चालवून त्यांना हळू बोलता येत नाही. बस हसली, मीही हसले.

रामदासपेठेतल्या या हॉस्पिटलात पावणेदोनशे कर्मचारी आहेत. मार्चमध्ये तपासणीवाले येणार, त्याआधी सगळ्यांचे कान तपासून कागद तयार करायचे. दुसऱ्या मजल्यावर मला स्वतंत्र खोली आहे. तिच्यात कपाटाएवढी केबिन आहे. दार जाड, कडेला रबर, समोर छोटी काच. माणूस कानाला हेडफोन लावून आत बसतो, हातात बटण. मी बाहेरून सूर सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. उजव्या कानाला मी कागदावर गोल काढते, डाव्याला फुली. दार लागलं की आतला आवाज बाहेर येत नाही. मला ती खोली फार आवडली.

लहानपणी कान फुटायचे म्हणून चौथीपर्यंत बाबांनीच शिकवलं, डब्याच्या झाकणावर पीठ पसरून. झोपण्याआधी दिवसातली एक चूक लिहायची, हेही त्यांनीच लावलं. आजची चूक: चहा आणून देणाऱ्याचं नाव विचारलं नाही.

११ जानेवारी, गुरुवार
आज आवाज मोजायचं यंत्र घेऊन अतिदक्षता विभागात गेले. सकाळी अकराला चौऱ्याहत्तर डेसिबल. मॉनिटर, सलाइनचे पंप, फोन, ट्रॉल्या, आणि त्या सगळ्यांवरून बोलणारी माणसं. दहा मिनिटांत माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते.

दीप्ती सिस्टर इथे नऊ वर्षं आहेत. रक्तदाबाची गोळी चालू, डोकं कायम जड. सांगत होत्या, घरी फ्रिज वाजला तरी हात सलाइन बंद करायला जातो, आणि इथे खरोखर काही वाजलं तर कधीकधी ते कानावर पडतच नाही. नवरा म्हणतो, तू घरात भांडून राहिली का बोलून राहिली तेच समजत नाही. हे सांगताना त्या हसत होत्या, पण हात कपाळावरच होता.

आजची चूक: त्यांच्या बोलण्यातलं अर्धं मला ऐकू आलं नाही, तरी मान हलवली.

१६ जानेवारी, मंगळवार
आज इंदूबाई आल्या. पन्नाशीच्या मावशी. उपकरणं वाफेने निर्जंतुक करतात त्या तळघरातल्या खोलीत अकरा वर्षं होत्या. शेजारचं यंत्र कधी बंद होत नाही. आता त्या वॉर्डात आहेत. पेशंटने उशाची घंटी दाबली की उठायचं, हे त्यांचं काम.

पहिल्या फेरीत त्यांनी सगळी बटणं बरोबर दाबली. फारच बरोबर. मग लक्षात आलं की त्या काचेतून, सूर सोडताना हलणारा माझा खांदा बघत होत्या. मी पाठ फिरवून पुन्हा सूर सोडले. बारीक, उंच सुरांना दिवा एकदाही लागला नाही. घंटीचा आवाज त्याच पट्टीतला.

बाहेर येऊन त्यांनी माझा हात धरला. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, कंत्राटदार बहिऱ्या बाईला एक दिवस ठेवणार नाही. "लिहून दे ना वं पोरी. मी डोळ्यानं पाहतो ना पेशंटकडे, कानाचं काय काम?"

मी गोल काढले. फुल्या काढल्या. सगळं सामान्य.

ही चूक म्हणून लिहावी की नाही, ठरत नाही.

१७ जानेवारी, बुधवार
बाबांना विचारलं, एखाद्याचं भलं व्हावं म्हणून खोटं लिहिलं तर. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

२४ जानेवारी, बुधवार
आज दुपारी वॉर्डात रुपराव नावाचे पेशंट गेले. निवृत्त पोस्टमन. घशाचं ऑपरेशन झालेलं, हाक मारता येत नव्हती, फक्त घंटी होती. बायको प्रेमिलाबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. दीप्ती सिस्टर आज वॉर्डावरच, पण पलीकडच्या खोलीत, तिथे दोन मॉनिटर एकदम वाजत होते. इंदूबाई रुपरावांपासून सहा पावलांवर, पाठ करून चादरींच्या घड्या घालत होत्या.

घंटी सात मिनिटं वाजली, असं यंत्रातल्या नोंदीत आहे. रुपरावांचा अंगठा बटणावर इतका घट्ट होता की दोघांनी मिळून सोडवला.

मी चूक लिहीत नाही. बाबांनी हे पान वाचलं तर.

२५ जानेवारी, गुरुवार
मला वाटलं होतं, चौकशीत माझा कागद खोटा ठरेल. उलटंच झालं. ऑफिसचे हर्षित सर तोच कागद सगळ्यांना दाखवत होते. ऐकणं सामान्य, म्हणजे इंदूबाईंनी घंटी ऐकली आणि त्या उठल्या नाहीत. प्रेमिलाबाई सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या, "सहा पावलं होती वं. सहा पावलं. काहून नाही उठली तू?" इंदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नंतर जिन्यात मी त्यांना गाठलं. सगळं सांगून टाकते म्हटलं. मी सावकाश बोलत होते, त्या माझे ओठ बघत होत्या. "नको सांगू. तू लहानी हायेस, तुयी नोकरी जाईन. तो माणूस तर गेलाच ना माया हातून."

मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं, ही आजची चूक. आधीची त्याहून मोठी आहे.

२९ जानेवारी, सोमवार
सकाळी यंत्राची रोजची चाचणी घेत होते. केबिन रिकामी, दार बंद, बटण आत खिळ्याला टांगलेलं. एक सूर सोडला. हिरवा दिवा लागला.

वायर तपासली. ठीक होती. पुन्हा सूर. पुन्हा दिवा. आवाज कमी करत गेले, माणसाच्या कानाला ऐकूच येणार नाही इतका. दर वेळी दिवा.

मी काचेतून पाहिलं. खुर्ची रिकामी. बटण टांगलेलंच, पण ते आत दाबलं गेलेलं होतं, आणि दबूनच राहिलं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याच्यासमोर काही झालं नाही.

३० जानेवारी, मंगळवार
आता सूर न सोडताही दिवा लागतो.
लागतो आणि विझत नाही. सात मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं.
तेवढा वेळ मी खुर्चीतच बसून होते.

३१ जानेवारी, बुधवार
इंदूबाईंनी शेवटी चौकशीत सांगितलं की ऐकू येत नाही. माझं नाव घेतलं नाही. हर्षित सर म्हणाले, आत्ताच सगळ्यांसमोर पुन्हा तपासू.

मला आनंद झाला होता. मला तोंड उघडावं लागणार नाही, यंत्रच खरं सांगेल, असं वाटलं होतं.

त्या आत बसल्या. बटण मांडीवर ठेवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी पाठ फिरवून सूर सोडला. दिवा लागला. दुसरा सूर — दिवा. सर दिवा बघत होते, सगळे दिवाच बघत होते. मी मान वळवून काचेतून पाहिलं. त्यांचे हात गुडघ्यांवरच होते. बटण मांडीवर दबलेलं होतं.

हात बघा, एवढंच म्हणायचं होतं.

मी गोल काढत राहिले.

१ फेब्रुवारी, गुरुवार
उद्या दुपारी चारला कागद पोलिसांकडे जाणार. इंदूबाईंच्या पोरीचं कॉलेज — कोणीतरी तिथेही फोन केला म्हणे.

चक्की चालू असताना घंटी ऐकू येते. बंद केली तरी येते. बाबांना विचारलं, ऐकू येते का. ते म्हणाले, कोणाले बोलावून राहिले ते, जा ना मग.

२ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी तीन
दिवा सकाळपासून लागलेला आहे. तो माणूस बोलावतो आहे आणि मी कागदावर खुणा करते आहे — इतके दिवस. ऐकून न उठलेली बाई इंदूबाई नव्हतीच.

म्हणून उठले. दार उघडलं, आत गेले, वही घेऊन. कोणी नव्हतं. खुर्चीवर बसून मोठ्याने म्हणाले, माझ्यामुळे झालं. आणि इथेच बसून अधीक्षकांना सगळं लिहून काढलं. पाठ फिरवून तपासलं तेव्हा इंदूबाईंना ऐकू आलं नव्हतं. मला माहीत होतं. खाली सही केली. चारच्या आत नेऊन द्यायचं.

दार लागलं आहे. मी लावलं नव्हतं.

साडेतीन
रबरात बोटं जात नाहीत. हाक मारली, पण ही केबिन कशासाठी बनवलेली असते ते मला —

पावणेचार
बाहेर माझ्या खुर्चीत कोणीतरी आहे. पाठमोरी. माझीच ओढणी.

मी बटण दाबलं. यंत्रावर दिवा लागला, काचेतून स्पष्ट दिसला. तिनेही पाहिला.

तिने कागदावर गोल काढला.

चारला पाच कमी
सही केलेला कागद कोपराने काचेला दाबून धरला आहे. तिने एकदा वळून वाचावा. अंगठा दुखतो — काढता येत नाही — डाव्या हाताने लिहिते आहे

दिवा चालू आहे
ती खाली मान घालून
अजून एक गोल