देगलूरच्या लॅबमध्ये मी काय बोलले

आप्पा, काल मी तुमच्या कॉलेजात जाऊन आले. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी देगलूरचं ते कॉलेज मी अजून तुमचंच म्हणते. मी तिथं तीन वर्षं शिकले, तुम्ही जन्मभर लॅब अटेंडंट होतात. जुनी विद्यार्थिनी म्हणून मला नांदेडहून बोलावलं होतं, जीवशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर पुढं काय करता येतं ते पोरींना सांगायला. प्राचार्यांनी आधी अर्धा तास संधींची यादी वाचली. बियाण्यांच्या कंपन्या, औषधांच्या कंपन्या, संशोधन, स्पर्धा परीक्षा. ऐकता ऐकता माझं डोकं तापलं. आमच्या वर्गातले निम्मे जण डॉक्टरकी हुकली म्हणून तिथं आलेले, आणि आम्हाला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. जी एक वाट मी स्वतः शोधून आणली होती, ती तुम्ही चुलीत घातलीत.

तो दिवस मी विसरलेले नाही. निकाल लागून आठवडा झालाय, आई भाकरी थापतेय, आणि मी नांदेडहून आणलेला फॉर्म तुमच्यापुढं धरलाय. डीएमएलटी, म्हणजे रक्त-लघवी तपासायचा कोर्स. तुम्ही चष्मा लावून सगळं नीट वाचता आणि एकच विचारता, "यात संडास बी तपासावं लागतंय का?" मी "हाव" म्हणते. तुम्ही उठता, फॉर्म चुलीत सारता आणि तो पुरता जळेपर्यंत तिथंच उभे राहता. "माझ्या बापानं गावाची मेली ढोरं ओढली. म्या दुसऱ्याच्या बाटल्या धुतल्या. तू लोकाची घाण चिवडायची न्हाई. बी.एड. कर, मॅडम हो." आईनं एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुढची भाकरी घेतली.

मग लातूरला बी.एड. केलं आणि शिरूर अनंतपाळजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत सात वर्षं काढली. अनुदान दरवर्षी येणारच होतं. शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता, पण तो कपाटात आणि किल्ली संस्थाचालकांच्या घरी. मी फळ्यावर अमिबा काढायचे आणि पोरं तो वहीत उतरवायची. सगळे मॅडम म्हणायचे, तेवढं मात्र तुमच्या मनासारखं झालं. माझ्या मनासारखं काय झालं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

आणि मला राग कशाचा येतो, सांगू? मला या कामाला लावलंत तुम्हीच. मी सातवीत असताना रविवारी लॅबमध्ये न्यायचात. हौदातल्या पाण्याचा थेंब काचेवर घ्यायचा, वरची पातळ काच एका कडेनं टेकवायची आणि सुईच्या टोकावर हळूहळू खाली सोडायची. घाई केली की बुडबुडा धरतो, म्हणायचात. तुम्ही केलेल्या स्लाइडी प्राध्यापक वर्गाला दाखवायचे आणि तुमचं नावही घ्यायचे नाहीत. तुम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं, आणि पोरीच्या कोर्सचं मात्र वाटलं! तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी, तिशी ओलांडल्यावर, मी तोच कोर्स केला. दहा वर्षांनी लहान पोरींच्या शेजारी बसून. आता नांदेडच्या एका लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाशी बसते. डॉक्टरांना शंका आली की संडासाची स्लाइड माझ्याकडंच येते, कारण माझ्या काचेखाली बुडबुडा नसतो. माणसाला काय झालंय ते तिथं दिसतं, आप्पा. त्यात लाज कसली? हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहिलं.

काल भाषण तुमच्याच लॅबमध्ये होतं. काळ्या फरशीचं तेच टेबल, तेच बेसिन. मी कोर्स सांगितला, नोकऱ्या सांगितल्या, रक्ताची मशीनं सांगितली. मग शेवटच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "मॅडम, त्यात संडास बी तपासावं लागतंय का? घरचे इचारून राहिलेत." बाकीच्या हसल्या. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर मनात घोटत होते. तुमच्याशी भांडायचं सगळं भांडण त्यात होतं. आणि मी काय म्हणाले? "न्हाई गं, ते सगळं आता मशीन करतंय." पोरगी हायसं वाटून बसली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.

फॉर्म जाळल्याचा राग माझ्या मनातून जाणार नाही. तुम्ही वाचणार नाही म्हणूनच इतकं लिहिता आलं. पण आमच्या लॅबमध्ये संडास तपासणारं कुठलंच मशीन नाही. आणि आपल्या गल्लीत कुणी विचारलं तर मी अजून शाळेवरच आहे म्हणून सांगते.