रुपाली विचारते, हालतंय का

१३ मार्च २०२१, तिसगाव

आज आलो. टेम्पोतून उतरताना नोहाने हात दिला आणि अख्ख्या गल्लीने माझं पोट पाहिलं. सहावाच लागलाय, पण मी बुटकी, त्यामुळे लगेच दिसतं. नोहाला सोमवारी शाळेत शिक्षक म्हणून रुजू व्हायचंय. घर मला फार आवडलं. दोन खोल्या, मागे परस, परसात कढीपत्ता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो. नोहा म्हणाला, याचं नावच गर्भगिरी, तू येणार म्हणून ठेवलंय.

घरमालकीण साळूबाई शेजारीच राहतात, मध्ये कमरेएवढी भिंत. संध्याकाळी त्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली. त्यांची सून रुपालीही पोटुशी आहे, माझ्याहून दोन महिने पुढे. भिंतीवरून आम्ही आधी एकमेकींची पोटं पाहिली, मग तोंडं, आणि दोघींनाही हसू आलं.

२४ मार्च

दिवस मजेत जातात. दुपारची भांडी झाली की रुपाली भिंतीपाशी येते. तिला बोलायला लागतं आणि मला ऐकायला. आज तिने माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. आतून अशी लाथ बसली की मी हात मागेच घेतला. ती म्हणाली, हे भागवतवर गेलंय, एका जागी ठरत नाही. भागवत तिचा नवरा, पिकअप चालवतो.

साळूबाई कोरोनाची लस टोचून आल्या. आम्ही दोघींनी आरोग्य केंद्रात विचारलं तर गरोदर बायकांना अजून देत नाहीत म्हणाले. जपून राहा, एवढंच सांगितलं.

४ एप्रिल, ईस्टर

चर्च बंद. घरीच प्रार्थना केली, नोहाने बेसूर का होईना दोन गाणी म्हटली. शेजारी सगळे आजारी आहेत. भागवतच्या चुलतभावाच्या लग्नाला गेले होते, तिथून आणलं. रुपालीचीही तपासणी पॉझिटिव्ह आली. पण ताप एकच दिवस होता. खिडकीतून ओरडून सांगत होती की चव गेली ते बरंच झालं, आता सासूबाईंचं कालवण गोड लागतं. साळूबाई आतून काहीतरी बोलल्या आणि दोघी हसल्या.

१५ एप्रिल

रुपाली बरी होऊन हिंडायला लागली. आज मात्र गप्प होती. नवव्यात बाळ झोपतं का, असं विचारलं. कालपासून शांत आहे म्हणाली. साळूबाईंचं म्हणणं, आत जागा पुरत नाही, म्हणून हालत नसेल. नोहाला ते पटलं नाही. त्याने भागवतला गाठून सांगितलं, तेव्हा तो तिला पाथर्डीला घेऊन गेला.

१७ एप्रिल

परत आले. बाळ नाही.

साळूबाई परसात बसून सांगत होत्या. तिथे पोचायच्या आधीच आतला ठोका थांबला होता. मुलगी होती. डोकंभर जावळ. “अंगाला एक डाग न्हाई पोरीच्या. वार तेवढी दगडावानी झालती,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार कुणाकुणाच्या वारेत, बाळाला पोसणाऱ्या त्या गोळ्यातच, उतरतो, आईला नुसती सर्दी झालेली असली तरी. कुणाच्या उतरेल ते आधी कळत नाही.

पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

२१ एप्रिल

रुपाली भिंतीपाशी आली. दूध उतरलंय, पदर पुढून ओला होता. तिचं लक्ष नव्हतं. माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, “हालतंय का?”

मी पोटावर हात ठेवून थांबले. हललं तेव्हा मान डोलावली. ती आत गेली.

दुपारी परत आली. संध्याकाळी परत.

२५ एप्रिल

रोज येते. दुसरं काही बोलत नाही. मी आतल्या खोलीत बसले तरी ती उन्हात तशीच उभी राहते. साळूबाई हाताला धरून नेतात, ती परत येते. नोहा भागवतशी बोलायला गेला तर भागवतने नुसते हात जोडले.

आज ती विचारायला आली आणि बाळ हललंच नाही. मी साखर खाल्ली, कूस बदलून पाहिली. ती भिंतीच्या पलीकडे, मी अलीकडे. मग एकदम हललं. माझ्याआधी तिनेच श्वास सोडला.

तिची भीती वाटते, आणि तिला नाही कसं म्हणू —

२८ एप्रिल

शिक्षकांना घरोघरी तपासणीचं काम दिलंय. नोहा आज तापाने फणफणून आला. मला लांब राहा म्हणतो. दोन खोल्यांत लांब म्हणजे कुठे?

३० एप्रिल

ताप. कढीपत्ता चुरगळून नाकाशी धरला. वास नाही.

रुपाली आली होती. मी आतूनच हो म्हटलं.

३ मे

पायरी चढले तरी दम लागतो. भागवतने पिकअप काढली. पाथर्डीत खाट नाही. नगरला दोन ठिकाणी नाही. एका डॉक्टरांनी माझं पोट पाहिलं आणि नोहापुढे हात जोडले. शेवटी एका ठिकाणी घेतलं.

रुपाली गाडीत चढली होती. उतर म्हटलं तरी उतरली नाही. सगळी वाट माझ्या पोटावर हात ठेवून बसली आणि एकच सांगत राहिली, “हालतंय गं. हालतंय.”

४ मे

तोंडावर ऑक्सिजन. बाळाचे ठोके कमी होतायत म्हणे. आजच काढावं लागेल. सातच महिने — मी म्हटलं थांबा थोडं. ते म्हणाले थांबलो तर रुपालीसारखं — नाही, त्यांना रुपाली कुठून माहीत. मीच ऐकलं तसं.

५ मे

मुलगा. एकदा रडला, मांजराच्या पिल्लासारखा. मी मान वळवेपर्यंत नेला. तो वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. मला इथून हलायचं नाही. त्याच्यापाशी कुणाला सोडत नाहीत, नोहालाही नाही.

७ मे

सिस्टरना विचारलं, कसा आहे. म्हणाल्या, रडला होता.

डॉक्टरही तेच म्हणाले. रडला होता ना. चांगलं असतं ते.

आता रडतो का, ते कुणी —

८ मे

वरून बाळाचं नाव विचारायला पाठवलं. इमॅन्युएल लिहा म्हटलं.

दम —

९ मे

नोहाने व्हिडिओ लावलाय. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलाय. बोलू नका म्हणतात, म्हणून लिहितेय.

नोहा वर, बाळाच्या खोलीत आहे. आज त्याला आत घेतलं. बाळ त्याच्या हातात दिलंय. नळ्या सगळ्या काढल्या. मला वाटलं, बरं झालं, नळ्या निघाल्या. किती लहान आहे. टोपीत बसलाय सगळा. हलत मात्र नाही.

नोहाने मास्क काढला. तोंड त्याच्या तोंडाला लावलं.

सिस्टर शेजारीच उभी आहे. ती त्याला अडवत ना —