बॅनरवरचे मामा

कुर्डुवाडी,
३ जून २०२४

ती. शिवलिंगप्पा मामांस,
अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. पत्र बघून हसाल. पण व्हॉट्सॲपवर लिहिलं की घरात पाच जण वाचतात, आणि फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही. म्हणून पोस्ट.

मला वेबसाइट बनवायला शिकायचंय. घरी बसून करता येईल असं दुसरं काम सुचत नाही. सासूबाई तीन महिने छकुलीला सांभाळते म्हणाल्यात; पुढं त्या पुण्याला थोरल्या दिरांकडं जाणार. म्हणजे जे काय ते या तीन महिन्यांत. चार क्लासची पत्रकं आणली. सगळीकडं प्रमाणपत्र, सगळीकडं नोकरीची हमी. डोकं फिरलं. तेवढ्यात सोलापुरात नवी पेठेत महिपती सरांच्या क्लासच्या बॅनरवर तुम्ही दिसलात, शाल पांघरून, फेटा बांधून. सत्काराचा व्हिडिओही पाहिला. मी इथंच शिकलो, असं म्हणताय. तुम्ही दुकानाची वेबसाइट केलीत ते ठाऊक होतं, पण तिथं शिकलात हे मला ठाऊकच नव्हतं की. सासूबाईंना तो व्हिडिओ दाखवला तेव्हाच त्या हो म्हणाल्या. तरी तुमच्या हातचं एक अक्षर आलं की नाव घालते.

मामींना नमस्कार. भाचीवर माया आहेच, ती दोन ओळींतून पोचू द्या.
आपली,
अंकिता

सोलापूर,
८ जून २०२४

चि. सौ. अंकिता हीस शिवलिंगप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीनं दोनदा वाचून घेतलं. तुझं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. पाट्या रंगवणाऱ्याची भाची म्हणून कुणाला सांगू नकोस.

क्लासचं म्हणशील तर, मडकंसुद्धा वाजवून घ्यावं. एक दिवस बसून बघ. महिपती सर बोलायला गोड माणूस. जागा ऐसपैस, पंखे भरपूर. सत्काराच्या व्हिडिओत माणूस चार शब्द चांगलेच बोलतो. बाकी तू शहाणी आहेस. अजून लिहिण्यासारखं होतं, पण आज गुडघा लई ठणकतोय.

छकुलीला गालगुच्चा. मामाची आठवण ठेवावी.
तुझा,
शिवलिंगप्पा मामा

कुर्डुवाडी,
२ जुलै २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येताच नाव घातलं. आज तीन आठवडे झाले. मला जमत नाही, मामा.

आम्ही तीसजण, कॉम्प्युटर बारा. सर पुढच्या पडद्यावर तयार वेबसाइट उघडतात, रंग बदलतात, फोटो बदलतात, आम्ही वहीत उतरवून घेतो. वहीत सगळं कळतं. काल कॉम्प्युटरवर माझा नंबर लागला तर कोरं पान समोर आलं आणि सुरुवात कुठून करायची तेच कळेना. मागची मुलं हसली. सरांना विचारलं, तर तुमच्या मामांना साठीत आलं, तुम्हाला का येत नाही, म्हणाले. खरंच आहे. तुम्ही तिथंच बसून शिकलात, म्हणजे खोट माझ्यातच. घरी सासूबाई छकुलीला कडेवर घेऊन विचारतात, आज काय शिकलीस. मी काहीतरी सांगते. आजचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

उद्यापासून जाणार नाही. तुमचं नाव घालवलं, रागावू नका.
तुमची,
अंकिता

सोलापूर,
७ जुलै २०२४

चि. अंकिता हीस आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताटावरून उठलो. खोट तुझ्यात नाही, पोरी. मी त्या क्लासात एक दिवसही शिकलेलो नाही.

फ्लेक्स आले, पाट्यांचं काम बसलं. रिकामं बसवेना, म्हणून एक जुना कॉम्प्युटर घेऊन वेबसाइट बनवायच्या त्या वर्डप्रेसशी झटत बसलो. चनबसप्पाच्या चादरीच्या दुकानाची वेबसाइट उभी करायला चौदा महिने लागले. तीनदा सगळं पुसलं गेलं. अडलं की शेजारची फिरदोस यायची, पण माऊसला हात लावायची नाही. मलाच करायला लावायची. ती वेबसाइट बघून महिपती सरांनी सत्काराला बोलावलं. तिथं गेल्यावर कळलं की ओळख ‘आमचे विद्यार्थी’ म्हणून करून देताहेत. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शाल अंगावर पडली होती, नारळ हातात होता. सत्कार घेतला की यजमानाचं गुणगान करायचं, ही आपली रीत. भिडेपोटी बोललो, असं वर्षभर मनाला सांगत आलो. खरं म्हणजे मला ते गोड लागलं होतं. सातवी नापास माणसाला पहिल्यांदाच कुणी फेटा बांधला होता गं.

तू सरळ विचारलंस तेव्हा तरी सांगायचं. मडक्याची म्हण लिहून पळ काढला. गुडघा ठणकत नव्हता.

काल क्लासात गेलो. पोरांसमोर उभा राहून म्हणालो, “मी हितं शिकलो न्हाय. ते खोटं होतं.” सरांनी दंडाला धरून बाहेर आणलं, आणि यांचं वय झालंय असं पोरांना सांगितलं. काही हसली. बॅनर अजून तिथंच आहे. उतरवेपर्यंत रोज जाणार.

क्लास निवडताना एकच गोष्ट माग. तिथल्या कुणी केलेली वेबसाइट दाखवा म्हणावं, आणि ज्यानं केली त्यालाच समोर बसवून तिच्यात बदल करायला लावा. फिरदोस आता तिच्या घरी पुढच्या खोलीत चार मुलींना शिकवते. तिच्याकडं ये. सासूबाईंसमोर मी येऊन मान खाली घालतो.

लोभ मागायला तोंड नाही. आशीर्वाद तेवढे घे.
शिवलिंगप्पा

कुर्डुवाडी,
१६ जुलै २०२४

ती. मामांस,
न. वि. वि.

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठल्या आणि पुण्याला फोन करून दोन महिने उशिरा येते म्हणाल्या.

मला तुमचा राग आलाय. शाल घेतलीत त्याचा नाही. मी विचारलं तरी सांगितलं नाहीत, त्याचा.

सासूबाईंची अट एकच: या खेपेला मामांना विचारायचं नाही, आपण बघून यायचं. काल छकुलीला घेऊन दोघी तीन ठिकाणी फिरलो. त्यांत फिरदोसताईंकडंही गेलो. तुम्ही सांगितलेलं सगळीकडं मागितलं. दोन ठिकाणी वेबसाइट दाखवल्या, करणारं कुणी दाखवलं नाही. तिसऱ्या ठिकाणी एक मुलगी आमच्यासमोर बसली, चुकली, आणि कुणाला न विचारता तिनंच ते दुरुस्त केलं. सासूबाईंनी तिथंच माझं नाव घातलं.

कुठं, ते आत्ता सांगत नाही. एवढ्यात कुर्डुवाडीला येऊ नका. आलात तर त्या तुम्हाला चहा देतील, पाटावर बसवतील, एक शब्द बोलणार नाहीत. ते तुम्हाला सोसणार नाही, आणि मलाही.

नमस्कार पूर्वीचाच आहे. बाकीचं सावकाश.
अंकिता