शेजारच्या तालुक्याचा आकडा

लिनशी, १६ फेब्रुवारी २०११

चि. युएहुआ हिस,

अ. आ. यंदा आशीर्वाद जरा जास्तीचे आहेत, कारण परवा बातमी आली. अर्थव्यवस्थेत आपण जपानला मागे टाकलं. आता आपल्यापुढे एकच देश उरला, तू राहतेस तो.

अठरा वर्षांपूर्वी बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून तू काय म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही. दादा, ज्या दिवशी तुझा देश अमेरिकेच्या पुढे जाईल, त्या दिवशी परत येईन आणि तुझ्या ताटाला ताट लावून जेवेन. अख्खा स्टँड हसला होता. तेव्हा गावात दोन मोटारी होत्या, त्यांतली एक ढकलावी लागे. आज आपल्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही. सायकल दुकानाची तर बँक झाली. जाणकार म्हणतात, आता दहा-पंधरा वर्षांचा प्रश्न आहे. तुझे तिकडच्या वास्तव्याचे कागद होऊन सहा वर्षं झाली, तरी तू आली नाहीस. दिलेला शब्द पाळते आहेस असं समजतो. बॅग मात्र काढून ठेव.

आई उत्तम. फोनवर तिला ऐकू येत नाही, आणि फोनवर बोललेलं फाइलला लागत नाही, म्हणून पत्रच बरं. नववर्षाच्या जेवणाला तुझा वाडगा आणि काड्या नेहमीप्रमाणे मांडल्या होत्या.

एक किरकोळ काम. शेजारच्या एका म्हातारीला अन्न जात नाही. तिच्यासाठी तिकडच्या दूध पावडरीचे चार डबे पाठव. तुझं हॉटेल कसं चाललंय?

लोभ आहेच, त्यात मागच्या वर्षीपेक्षा वाढ अपेक्षित.

तुझा दादा,
वेनपू

*

फ्लशिंग, न्यूयॉर्क, ९ मार्च २०११

ती. दादास,

कृ. सा. न. वि. वि. नमस्कार उभ्यानेच केला आहे, गुडघे वाकत नाहीत.

जपानला मागे टाकल्याबद्दल अभिनंदन. तुम्ही एकशे चौतीस कोटी, ते पावणेतेरा कोटी. दहा जणांनी मिळून एकाला धक्का दिला आणि तो मागे पडला. पराक्रमच म्हणायचा! आता हे असं: सगळ्या जगाला मागे टाकायला निघालेला देश शेजारणीच्या दुधासाठी माझ्यापुढे हात पसरतोय. रॉकेट सोडता, धरणं बांधता, आणि स्वतःच्या डब्यातलं भेसळीचं दूध पाजायची हिंमत होत नाही. चार नाही, सहा डबे पाठवले आहेत. अमेरिका हरायच्या आत संपव म्हणावं तिला.

हॉटेल जोरात आहे. रविवारी बाहेर रांग लागते.

आईचं नीट कळव. "उत्तम" हा शब्द तू १९९८च्या पुराबद्दलही लिहिला होतास.

लोभ असावा. त्याचा वाढीचा दर कळवला नाहीस तरी चालेल.

तुझी,
युएहुआ

*

लिनशी, २१ एप्रिल २०११

चि. युएहुआ हिस,

अ. आ. डबे पोचले. शेजारीण आभारी आहे.

रांगेचं कौतुक सांगू नकोस. तुमच्याकडे रांग कशाला नसते? वेन्झोऊच्या ल्यूचा मुलगा तिकडे जाऊन आला. म्हणाला, तुमच्या भुयारी गाडीच्या रुळांवर मांजराएवढे उंदीर फिरतात आणि पुलांना हात लावला तर गंज हाताला येतो. हा म्हणे महाबलाढ्य देश! दात काढायला अर्ध्या वर्षाचा पगार लागतो, म्हणून तो दात दुखत असतानाच विमानात बसला. इथे उतरला आणि त्याच दिवशी उपटून घेतला. आमची नवी रेल्वे इतकी जोरात धावते की चहाचा पेला टेबलावर ठेवला तर पाणी हलत नाही. तुमची गाडी धावते तेव्हा सगळं हलतं, फक्त गाडी सोडून.

आईचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस झाला. तिने दीर्घायुष्याच्या लांब शेवया पूर्ण एक वाडगा खाल्ल्या, एकही शेवई मध्ये न तोडता. मागच्या वर्षी पाऊण वाडगा होता. म्हणजे तेहतीस टक्के वाढ. अमेरिकेत कुणाची आहे का?

लोभ स्थिर ठेव, बाकी सगळं इकडे वाढतंच आहे.

वेनपू

*

फ्लशिंग, ८ मे २०११

ती. दादास,

सा. न. वि. वि. गाडीत चहा हलत नाही हे वाचून बरं वाटलं. फोटो काढायचा असेल तेव्हा डबा रिकामा ठेवून पेलाच बसवता ना? उंदरांचं खरं आहे. पण इथले उंदीर वर्तमानपत्रात छापून येतात. तुमच्याकडे छापत नाहीत, म्हणून तुमच्याकडे नाहीत.

आईचा एक वाडगा ऐकून आनंद झाला. मात्र फार फुशारक्या मारू नकोस. इथे माझ्याबरोबर काम करणाऱ्या फांगबाई शेजारच्याच हाइपू तालुक्यातल्या. त्यांची आईही अठ्ठ्याऐंशीची. तिने वाढदिवसाला दीड वाडगा खाल्ला आणि ती रोज एकटी चालत बाजारात जाते. फांगबाई हे सगळ्यांना ऐकवत असतात. काय करणार, आपल्याकडे एकच वाडगा.

लोभ असावा, हाइपूइतका तरी.

युएहुआ

*

लिनशी, २९ मे २०११

चि. युएहुआ हिस,

अ. आ. त्या फांगबाईंना माझ्यातर्फे सांग की मागचा आकडा प्राथमिक होता. सुधारित माहितीप्रमाणे आईने त्या दिवशी दोन वाडगे खाल्ले. दुसरा वाडगा संध्याकाळी झाला, तो आधी धरायचा राहून गेला. बाजाराचं म्हणशील तर आई हल्ली बाजारात जाते, तिथून पूल ओलांडून चहाच्या दुकानापर्यंत जाते आणि वाटेत कुणाला हात लावू देत नाही. हाइपूच्या लोकांना पहिल्यापासून फुगवून सांगायची खोड आहे, त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस.

शेजारणीचे डबे संपत आले. आणखी पाठवलेस तर बरं. शक्यतो लवकर पाठव.

लोभ असू दे.

वेनपू

*

फ्लशिंग, १४ जून २०११

ती. दादास,

सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार खरा, वाकून.

फांगबाईंना आई नाही. ती सत्तावीस वर्षांपूर्वी वारली. दीड वाडगा मी माझ्या मनाने लिहिला.

मी गावातून निघाले त्याच्या आदल्या दिवशी, दोन पेले पोटात गेल्यावर, तूच तुझ्या सांख्यिकी कचेरीचं काम कसं चालतं ते सांगितलं होतंस. तालुक्याच्या वाढीची जागा कोरी सोडायची, हाइपूच्या कारकुनाला फोन लावायचा, त्याने किती लिहिलं ते विचारायचं आणि आपण त्याच्यापेक्षा थोडं जास्त लिहायचं. आणि तो कारकून तुझ्या फोनची वाट बघत स्वतःची जागा कोरी ठेवून बसलेला असायचा. आपण किती हसलो होतो! निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, दादा, आणि तू आईचं जेवणही हाइपूला विचारून लिहितोस. अशा आकड्यांवर स्वार होऊन अमेरिकेला गाठणार आहात?

शेजारीणही मला सापडली नाही. आपल्या घराच्या एका बाजूला सायकलचं दुकान होतं, त्याची बँक झाली असं तूच लिहिलंस. दुसऱ्या बाजूला कालवा आहे. कालव्यात कोण म्हातारी राहते?

तुला लाजवायला हे लिहीत नाही. आपण दोघं एकाच कचेरीत वाढलो म्हणायचं. हॉटेल माझं नाही. मी मागच्या खोलीत उभी राहून मांसाच्या करंज्या भरते, दिवसाला बाराशे. रांग असते, ती मालकाची. जगातल्या सगळ्यांत बलाढ्य देशात अठरा वर्षं राहून माझ्या नावावर एक टेबलसुद्धा नाही. हे तुला कळलं तर तू जिंकलास असं होईल, म्हणून येत नव्हते. आणि तू आईचं खरं लिहिलंस तर इकडचं औषध चांगलं असं होईल, म्हणून तू लिहीत नव्हतास. दोन देश आपापल्या जागी मजेत आहेत. आपण दोघांनी मात्र मूर्खपणात त्यांना मागे टाकलं.

मालकाने रजा दिली नाही, म्हणून काम सोडलं. सहा जुलैला सकाळी शांघायला उतरते. डबे माझ्याबरोबर आणते. तोवर आई किती खाते, ते शेजारी न विचारता लिही. जेवायला बसेन तेव्हा कोण पुढे गेलं, ते बोलायचं नाही.

लोभ कमी झाला असेल तरी तसं लिही.

युएहुआ

*

लिनशी, २७ जून २०११

चि. युएहुआ,

अ. आ. हे पत्र तू निघेपर्यंत पोचेल की नाही, सांगता येत नाही.

आई फेब्रुवारीपासून अंथरुणाला आहे. वजन छत्तीस किलो. दिवसाला सात-आठ चमचे दूध घेते, तुझ्या डब्यातलं. वाढदिवसाला शेवया केल्या होत्या. तिने एकच शेवई तोंडात घेतली, ती मध्येच तुटली. डॉक्टर म्हणतात, जुलै निघेल. मी दुसऱ्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला की कदाचित निघणार नाही. दोन्ही अंदाज लिहिले आहेत.

तू येतेस हे तिच्या कानाशी जाऊन तीनदा सांगितलं. अमेरिकेला मागे टाकलं का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो. तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली की युएहुआला नेहमी उशीर होतो, ती दारात दिसल्याशिवाय शेवया पाण्यात टाकू नका, लगदा होईल.

सहा तारखेला पाणी उकळत ठेवतो. काड्यांचा तुझा जोड धुऊन ठेवला आहे. लोभ होता तेवढाच आहे.

तुझा दादा,
वेनपू