पेपरमिंटखालची जळजळ

आम्स्टरडॅम, मंगळवार

प्रिय हिल्केताई,

मी बरा आहे, हे आधी सांगतो. चर्चमध्ये पेपरमिंट चघळून आपण दोघं छातीतली जी जळजळ दाबत आलो, तिच्यापायी माझ्या अन्ननलिकेत कर्करोग निघाला! मी अजून सुन्न आहे. वरच्या थरातच होता, म्हणून तोंडातून नळी घालून सोलून काढला. काढलेल्या तुकड्याचा फोटो मी नंतर पाहिला. काठ अगदी साफ कापलाय.

"घास अडकायचा का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कधीच नाही."

"नशीब तुमचं, काका. हल्ली असे रोगी वाढलेत, आणि बहुतेक जण घास अडकल्यावरच येतात. तोवर उशीर होतो."

ताई, नाताळात तू पाव कॉफीत बुडवून खात होतीस. दात दुखतो म्हणालीस. कोणता दात, वरचा की खालचा, नेमकं कळव. सांगता येत नसेल, तर उद्याच अन्ननलिका तपासून घे.

तुझा घाबरलेला भाऊ,
वीबे