सुनेची गोळी आणि महालक्ष्म्या

२८ ऑगस्ट, सकाळ
कात्री शोधताना सुनेच्या, मीनाक्षीच्या, कप्प्यात पाकीट सापडलं. संततिनियमनाच्या गोळ्या. माझ्या घरात. मी नातवाची वाट पाहतोय आणि ही रोज घोटभर पाण्याबरोबर वंश गिळतेय. पाकीट घंटागाडीत टाकलं. गाडी वळेपर्यंत उभा राहिलो.

संध्याकाळ
जाब विचारला. म्हणाली, बाबा, पाळीत अंगावरून फार जायचं म्हणून डॉक्टरांनी दिल्यात. होळीला हिमोग्लोबिन सातवर होतं, आता दहा आहे. दोन हार्मोन असतात म्हणे. बीज बाहेर पडू देत नाहीत, गर्भाशयाचं अस्तर पातळ ठेवतात. म्हणून रक्त कमी, दुखणं कमी. पुढं बीजकोशाच्या, गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोकाही कमी.
मी म्हणालो, आयुष्य वाचनात गेलंय माझं. (या विषयावर काही वाचलेलं नाही. विषय क्षुल्लक आहे.)
मग धमकी. मधेच बंद केली तर दोन-चार दिवसांत पाळी येईल, ऐन महालक्ष्म्यांत. सणात येऊ नये म्हणूनच डॉक्टरांना विचारून सलग घेत होते.
देवीच्या नावानं भिववू नकोस, म्हणालो. दुसरं पाकीट आणलंस तर या घरात जेवणार नाही.
ती म्हणाली, बरं.
पूर्ण विजय.

३० ऑगस्ट
गणेश मंडळात व्याख्यान. ‘गोळी आणि गुलामी’. आधुनिक वैद्यकाचे वाभाडे काढले. महालक्ष्म्यांना केटररचं पुरण आणणाऱ्यांनाही सोडलं नाही. घरचंच हवं, सोवळ्यातलंच हवं. प्रचंड टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, सर, पाळीत चक्कर येऊन पडलात का कधी? सभा हसली. म्हणजे विचार पोचले.
मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब. त्यांना परवाच्या महाप्रसादाचं सहकुटुंब आमंत्रण.

३१ ऑगस्ट
महालक्ष्म्या आल्या. दुपारी मीनाक्षीला पाळी आली. चेहरा पांढराफटक, भिंतीला धरून चालतेय.
योगायोग.
पत्नी द्वारकाबाई म्हणाली, योगायोग घंटागाडीत टाकलात तुम्ही. डॉक्टरबाईंनी फोनवर गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. सदाशिव, म्हणजे माझा मुलगा, लगेच घेऊन आला. मी जेवणार नसल्याची आठवण करून दिली. द्वारकाबाई म्हणाली, नका जेवू, पोळ्या तेवढ्या कमी लागतील.
पण लाटणार कोण? द्वारकाबाईचा उजवा हात गेल्या महिन्यात पडल्यापासून प्लास्टरमध्ये. शेजारी घरोघर महालक्ष्म्या. केटरर नको, शब्द दिलाय.

१ सप्टेंबर, सकाळ
थोर माणसं वेळप्रसंगी नियम बदलतात. मीनाक्षीनंच स्वयंपाक करावा असं उदार मनानं सुचवलं. द्वारकाबाई म्हणाली, तिला उभं राहवत नाही. आणि परवा माईकवर काय बोललात?
सदाशिवला सोवळं नेसायला सांगितलं. म्हणाला, पाकीट मी टाकलं नव्हतं.
नेतृत्व मलाच करावं लागणार.

दुपार
सोवळ्यात आहे. सोळा भाज्यांपैकी तीन झाल्या. त्यातली एक कोणती ते ओळखू येत नाही. मीनाक्षी दाराबाहेर खुर्चीवर, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. माझ्याच नियमानं आत येता येत नाही, म्हणून तिथूनच हुकूम सोडते. गॅस बारीक करा. वेलदोडा नंतर. हात कोरडा करा आधी. मी ऐकतोय. स्त्रीला मार्गदर्शनाची संधी द्यावी, या मताचा मी पहिल्यापासून आहे.
आप्पासाहेब बाहेर येऊन बसलेत. सर कुठं आहेत, विचारतायत. द्वारकाबाईनं खणखणीत आवाजात सांगितलं, पुरण घाटतायत.
मीनाक्षी म्हणतेय, बाबा, लिहिणं थांबवा, पुरण खाली लागतंय.
लागलंय.