पूजेत बसलेली निळी गिटार

सिंगापूर
५ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय नीताताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गणपतीच्या आधी आलं आणि उत्तर आज, दसरा उलटून गेल्यावर लिहिते आहे. क्षमा कर. कामात होते असं लिहिलं तर ते खोटं नाही, पण खरंही नाही. फोनवर आपण दोघी जेवण, पाऊस आणि जाईच्या परीक्षा यांच्यापुढे जात नाही. त्यापुढचं काही असलं तर ते पत्रात, हे आपलं न ठरवता ठरलेलं आहे. म्हणूनच पत्र टाळत होते. वहीत मात्र रोज चार ओळी लिहिते, आणि बाबांसारखं शेवटी दुसऱ्या दिवसाचं एक काम. त्यात ‘ताईला पत्र’ किती वेळा लिहिलं ते विचारू नकोस.

इकडे सगळे मजेत. हेमचंद्र बँकेतल्या त्याच कामावर आहे, म्हणजे नियम पाळले जातात की नाही ते बघणं. अजूनही रोज चांगी बिझनेस पार्कला जाताना डबा विसरतो. जाई माझ्याहून उंच झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना वाटतं की आपण एकाच भाषेत बोलतोय. माझं पाया लेबारचं ऑफिस आठवड्यातून दोन दिवस घरूनच चालतं.

डिसेंबरचं आमंत्रण तू याही वर्षी त्याच कारणाने परत केलंस. सतार विमानात हातात घेऊन बसू देत नाहीत, सामानात टाकायचा धीर होत नाही, आणि तिच्याशिवाय पंधरा दिवस काढवत नाहीत. हे मी हेमचंद्रला वाचून दाखवलं तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. त्या हसण्याची आता मला थोडी लाज वाटते. का, ते पुढे येईलच.

हेमचंद्रच्या गिटारींबद्दल तुला ठाऊक आहे. किती झाल्या ते बहुतेक ठाऊक नसेल. सात. सगळ्या विजेच्या. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक लहान खोली असते. युद्ध झालं तर आत बसायचं. युद्ध होत नाही, म्हणून लोक तिथे तांदूळ, बॅगा आणि मोडक्या सायकली ठेवतात. आमच्या शेल्टरमध्ये गिटारी असतात. इथली हवा वर्षभर दमट, लाकूड फुगतं, म्हणून आत हवेतलं पाणी ओढणारं यंत्र चालू ठेवावं लागतं. रविवारी हेमचंद्र एकेक गिटार बाहेर काढतो, पुसतो, सुरात लावतो, चार सूर छेडतो आणि परत ठेवतो. कुठलं लाकूड कुठून आलं, कुठल्या वर्षी काय बदललं, हे तो इतक्या आनंदाने सांगतो की ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. वाजवणं मात्र त्या चार सुरांपुढे जात नाही.

शेल्टर भरलं तेव्हा मी नियम घातला. एक आली की एक गेली पाहिजे. हेमचंद्रने तो हसत मान्य केला. नियम मान्य करणं हा त्याचा पेशाच आहे.

ऑगस्टमध्ये त्याला एक हिरवी गिटार आवडली. ती ऑक्टोबरात येणार होती, तेव्हा एक जायला हवी होती. त्याने फार विचार न करता निळीचं नाव घेतलं. सगळ्यांत साधी, सगळ्यांत स्वस्त, कडेला रंग उडालेली. फोनवरच्या खरेदी-विक्रीच्या अॅपवर फोटो टाकला आणि जुरोंग ईस्टच्या एका मिस्टर टॅननी ती मागितलीही. खंडेनवमीच्या संध्याकाळी येऊन घेऊन जातो म्हणाले.

ताई, आता ते सांगते, ज्यासाठी हे पत्र इतके दिवस रखडलं.

निळी मी वाजवते.

म्हणजे, दोन वर्षं झाली. त्या यंत्राची टाकी भरली की पाणी ओतायचं काम घरी असणाऱ्याचं, म्हणजे माझं. एकदा टाकी काढताना निळी आडवी आली, ती बाजूला ठेवायला उचलली आणि बोटं आपोआप तारांवर गेली. तिची मान बारीक आहे, तारा पडद्यांच्या अगदी जवळ. मी एक तार दाबून खेचली. ताई, मींड आली. सतारीवर यायची तशी लांब नाही, पण आली. मी टाकी विसरून तिथेच उभी राहिले.

मग घरून काम असेल त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, शेल्टरचं दार लावून. वीज न जोडता. विजेशिवाय ही गिटार फक्त मांडीवर घेणाऱ्यालाच ऐकू येते, म्हणून मला वाटायचं, हे कुणालाच ठाऊक नाही. बाकीच्या सहांना मी कधी हात लावला नाही. लावावासा वाटला नाही. हे लिहिताना स्वतःला विचारते आहे, सहाही हाताशी असताना का नाही? मला वाटतं, एकीवर आपलं बोट कुठे चुकतं ते एकदा कळलं की दुसरीवर तीच चूक पहिल्यापासून करायचा कंटाळा येतो. तू कधीतरी असंच काही म्हणाली होतीस. तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

तू म्हणशील, मग ‘निळी विकू नकोस’ एवढं नवऱ्याला सांगायला काय जात होतं? हेमचंद्र चिडणारा माणूस नाही. पण नियम माझा होता. तो मोडायची वेळ आली आणि पहिली माझीच सबब, हे मला जमेना. शिवाय या घरात संगीत म्हणजे हेमचंद्रचं, आणि माझं ते केव्हाच संपलं, असं मीच सगळ्यांना सांगत आले आहे. तुलाही. सहा आठवडे मी गप्प राहिले आणि त्याने तिचे फोटो काढले, तारा पुसल्या, तिची गिटारकेस शोधली. मी त्याला केस शोधायला मदत केली.

खंडेनवमीला बुधवार होता. ऑफिसच्या आधी पूजा. आपल्याकडची मांडणी तुला आठवते ना? बाबांचा टाइपरायटर, आईची विळी, तुझी सतार, माझी सतार. आणि बाबांचं ते, ज्याचं हत्यार त्यानेच मांडायचं, दुसऱ्याने मांडलं तर पूजा पोचत नाही. मी इथेही तेच चालवते. आदल्या दिवशी टेक्का मार्केटमधून झेंडू आणले होते. जाईने पाटावर तिची बॅडमिंटनची रॅकेट ठेवली, मी लॅपटॉप ठेवला, हेमचंद्रने सोफ्याला टेकवून सातही गिटारी ओळीने लावल्या. निळी सगळ्यांत शेवटी, दाराकडे.

मी हळदकुंकू लावत ओळीने गेले. निळीपाशी आले तेव्हा मनात आलं, हत्यार म्हणजे जे हाताने झिजतं ते. या ओळीत झिजलेली एकच आहे, आणि ती चुकीच्या माणसाच्या बाजूला उभी आहे. मी काहीतरी खोटं मांडते आहे असं वाटलं. इतर दिवशी चाललं असतं. त्या दिवशी चालेना. मी कुंकवाचा करंडा खाली ठेवला, निळी उचलली आणि माझ्या लॅपटॉपशेजारी नेऊन टेकवली. मग तिला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं.

हेमचंद्र उदबत्ती घेऊन उभा होता.

“ती तिकडे का?”

“माझी आहे म्हणून.”

त्याला ती थट्टा वाटली. कधीपासून, म्हणाला. मी निळीवरचं फूल सरळ केलं. उत्तर जाईने दिलं, दूध-सीरियल खात खात, इथल्या आह-लाहच्या इंग्रजीत. “डॅडी, यू रिअली डोन्ट नो, आह? आई प्लेज एव्हरी वीक. सेम थ्री थिंग्ज, लाह. आय ऑल्सो कॅन सिंग ऑलरेडी.” आणि तिने खरंच नि रे ग गुणगुणून दाखवलं, यमनचं, तू मला पहिल्यांदा शिकवलं होतंस ते. सुट्टीतल्या दुपारी शेल्टरचं ते जाड दार माझ्या मुलीला जाड वाटलंच नव्हतं.

हेमचंद्र खाली बसला. मग म्हणाला, वाजव. मी म्हटलं, आज नाही. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही. तो म्हणाला, तू आत्ताच हलवलीस की. मी म्हटलं, कुंकू लागायच्या आधी हलवली. नियमांच्या माणसाला हे पटलं. तो ऑफिसला गेला. पुन्हा डबा विसरून.

दुपारी त्याचा एकच मेसेज आला, निळीच का? मी तीन उत्तरं लिहिली आणि पुसली. शेवटी पाठवलं, उद्या ऐक.

संध्याकाळी मिस्टर टॅन आले. हेमचंद्र अजून MRT मध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत होता आणि या सगळ्यात त्यांना कळवायचं राहिलं होतं. साठीचे गृहस्थ, हातात रिकामी गिटारची पिशवी. मी दार उघडलं आणि पाटाकडे बोट दाखवून सांगू लागले की आज ही पूजेत आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी मान हलवली. “प्रेयिंग, आह? देन कॅनॉट टच. आय कम टुमॉरो, कॅन?” आणि दारातूनच हात जोडून गेले. एवढ्या समंजस माणसाला मी हुलकावणी तर देत नाही ना? निळी पूजेत ठेवली ती श्रद्धेने, की एक दिवस मिळावा म्हणून? वहीत त्या दिवशी दोन्ही बाजू लिहिल्या आहेत. निकाल अजून लागलेला नाही.

दसऱ्याला हेमचंद्रने घरून काम घेतलं. सकाळी उत्तरपूजा झाली, मी निळी मांडीवर घेतली आणि तो अॅम्प्लिफायर घेऊन आला. ताई, तुला खरं वाटणार नाही, पण दोन वर्षांत मी तिला वीज जोडून एकदाही ऐकलं नव्हतं. पहिल्या सुरालाच मी दचकले. एवढा आवाज माझ्या बोटांतून निघाला? मी थांबले. जाई म्हणाली, “डोन्ट स्टॉप, लाह.” मग मी तोच नि रे ग धरला, हळू, आणि गंधारावरून तार खेचली. तो सूर संपेचना. विळी चालावी तसा सरळ कापत घरभर गेला. मी दोनदा चुकले, एकदा चांगलीच, आणि थांबले नाही. शेजारच्या मलय बाई दार उघडून कॉरिडॉरमध्ये आल्या. मला वाटलं तक्रार. त्या मोदकाएवढं एक केळ्याचं भजं देऊन गेल्या.

हेमचंद्रने अॅम्प्लिफायर बंद केला. मग म्हणाला, “मला वाटायचं, ही वाजतच नाही.” आणि हसायला लागला. मला सांगत होता की प्रत्येक नवी गिटार आणताना त्याला वाटतं, हीच आपल्याला वाजवायला शिकवेल. म्हणून पुढची आणतो. ऐकून मलाही हसू आलं, पण थोडं वाईटही वाटलं, कारण माझा नियम अगदी बरोबर होता आणि त्यात त्याला हे सांगायला जागाच नव्हती. मी म्हटलं, तुला आणायला, पुसायला, त्यांच्या गोष्टी सांगायला आवडतं, तर तेही प्रेमच आहे. सगळ्यांनी एकीशीच संसार करावा असं कुठे आहे? तो म्हणाला, हे वाक्य लिहून सही करून दे.

संध्याकाळी मिस्टर टॅन पुन्हा आले. हेमचंद्रने त्यांना सगळं सांगितलं आणि त्यांच्यासाठी लाल गिटार काढून ठेवली होती, निळीच्याच किमतीत. त्यांनी मला थोडं वाजवायला लावलं. मग म्हणाले, “दिस वन कॅनॉट सेल ऑलरेडी,” आणि लाल खुशीने घेऊन गेले. आमच्याकडून सोनं म्हणून त्यांना कढीपत्त्याची डहाळी मिळाली, आपटा इथे कुठला? कालच हिरवी आली. हेमचंद्रचा हिशेब असा, की निळी त्याच्याकडून माझ्याकडे गेली म्हणजे एक गेली, लाल गेली म्हणजे दुसरी, तेव्हा अजून एकीची जागा शिल्लक आहे. मी विचार करते म्हटलं. निळी आता शेल्टरमध्ये नसते. हॉलमध्ये, खिडकीपासून लांब, स्टँडवर असते.

आणि आता शेवटचं. माझी मिरजेची सतार. बाबांचं घर आवरताना तू विचारलं होतंस, ठेवू की कुणा विद्यार्थिनीला देऊ? मी म्हटलं, देऊन टाक. तू पुन्हा विचारलंस, नक्की? मी म्हटलं, मला त्याचं काही वाटत नाही.

वाटलं होतं, ताई. तुला ते कळलं होतं, आणि तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस, हेही मला कळलं होतं. ती परत नको. एव्हाना ती त्या मुलीच्या हाताला लागली असेल, आणि त्या हातातून आता ती काढून घेऊ नये. मला फक्त हे तुला सांगायचं होतं. आणि माझा गंधार ऐकायला तू समोर हवी आहेस. फोनवर तो नीट पोचत नाही. तू नाक मुरडशील, तार खेचण्याआधी थांब म्हणशील, नखीऐवजी हातात हा प्लास्टिकचा त्रिकोण कसला म्हणशील. सगळं म्हण. पण सतार घेऊन ये. आता मी हसणार नाही.

तीर्थस्वरूप भावोजींना नमस्कार. जाईचा तुला नमस्कार, तिच्या भाषेत.

तुझी, पुन्हा तारेवर बोट ठेवणारी,
स्मिता

उद्या: विमान कंपनीला फोन करून विचारणे, सतारीसाठी शेजारची सीट घेता येते का.